समुद्रापासून तीनशे मीटर

फ्रान्समध्ये राहायचं तर ऑगस्टची सुट्टी जानेवारीत ठरवावी लागते, हे इथे आल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत कळतं. ऑगस्टमध्ये हा देश बंद असतो असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती होणार नाही. आमच्या तुलूझमध्ये कोपऱ्यावरचा पाववालासुद्धा दारावर चिठ्ठी चिकटवून तीन आठवडे गायब होतो. प्रयोगशाळेतलं एखादं यंत्र त्या महिन्यात बिघडलं तर ते सप्टेंबरपर्यंत बिघडलेलंच राहतं. आणि ही सगळी मंडळी जातात कुठे? तर बहुतेक समुद्रावर.

यंदा पुण्याहून आई-बाबा येणार आहेत, मुलगी सहा वर्षांची झाली आहे, तेव्हा आमचंही समुद्रावर जायचं ठरलं. आठवडाभर हॉटेल परवडणार नाही आणि आईला आठवडाभर हॉटेलचं खाणं चालणार नाही, म्हणजे स्वयंपाकघर असलेली भाड्याची जागा आली. तुलूझहून गाडीने अडीच-तीन तासांत गाठता येईल असा भूमध्य समुद्र म्हणजे नारबॉनपासून खाली स्पेनच्या सरहद्दीपर्यंतचा. त्या किनाऱ्याच्या जवळजवळ शेवटच्या टोकाला, पिरेनीज पर्वत समुद्रात उतरतो त्याच्या जरा अलीकडे, आर्जेलेस-स्यूर-मेर नावाचं गाव आहे. सात किलोमीटर किनारा, पाठीशी हिरवे डोंगर, पाणी उथळ. लहान मूल आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर याहून सोयीचं ठिकाण नाही असं जो तो सांगतो.

इथे भाड्याच्या घरांच्या जाहिराती वाचणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. 'टे-दू काबीन' असं लिहिलं असेल तर एक बैठकीची खोली, एक झोपायची खोली आणि 'काबीन' म्हणजे बोळात बसवलेली दोन मजली खाट, आपल्या आगगाडीच्या बर्थसारखी. भर हंगामात भाडं बहुधा शनिवार ते शनिवार असंच मिळतं. चादरी-टॉवेल आपले आपण न्यायचे, साफसफाईचे पैसे वेगळे, शिवाय मोठ्या माणसांना दर रात्री दरडोई पर्यटन कर. आगाऊ रकमेतही दोन जाती आहेत. 'आर' म्हणून पैसे दिले आणि आपण बेत रद्द केला तर ते बुडतात, पण मालकाने रद्द केलं तर त्याने दुप्पट परत करायचे. 'आकोंत' म्हणून दिले तर करार पक्का झाला, मग अंग काढून घेता येत नाही. हा फरक थेट इथल्या दिवाणी कायद्यातला आहे. पावतीवर कोणता शब्द आहे ते बघितल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, एवढा फुकटचा सल्ला देऊन ठेवतो.

आणि प्रत्येक जाहिरातीत एक वाक्य ठरलेलं: समुद्रापासून तीनशे मीटर. आता इंजिनियर माणसाला असं काही सांगितलं की तो मोजणारच. मी नकाशा उघडून एकेका घरापासून वाळूपर्यंतची अंतरं मोजत बसलो (बहुतेकांचे तीनशे हे साडेचारशे निघाले, ते असो). उत्तरेकडच्या किनाऱ्यालगत, दोन-तीन मोठ्या कँपिंगांच्या आसपास मोजत असताना नकाशावर एक लहानसं चिन्ह दिसलं. 'स्पॅनिश लोकांची दफनभूमी.' फ्रान्समधल्या या गावात, तंबूंच्या आणि पोहण्याच्या तलावांच्या मधोमध, स्पॅनिश लोकांची वेगळी दफनभूमी कशाला?

खरं तर मला ते आधीच सुचायला हरकत नव्हती. तुलूझमध्ये राहणाऱ्याला स्पॅनिश निर्वासितांची गोष्ट अर्धीमुर्धी माहीत असतेच. प्रयोगशाळेतल्या निम्म्या लोकांची आडनावं गार्सिया, मार्तिनेझ, लोपेझ अशी. गावातलं जोझेफ द्युकुएंग रुग्णालय १९४४ साली स्पॅनिश प्रजासत्ताकवाद्यांनी सुरू केलेलं. पण आर्जेलेस हे नाव मी आजवर फक्त सुट्टीच्या संदर्भातच ऐकलं होतं.

आधी या गावाची रचना सांगतो, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. नाव जरी 'समुद्रावरचं आर्जेलेस' असलं तरी मूळ गाव समुद्रावर नाही, दोन-अडीच किलोमीटर आत आहे. भूमध्य समुद्राच्या या भागातली बरीच जुनी गावं अशीच आत आहेत. समुद्राकडून चाचे यायचे, आणि किनाऱ्यालगतच्या दलदलीतून हिवताप. किनाऱ्याला राहणं ही शतकानुशतकं चैन नव्हती, नाइलाज होता. वाळूवर शेती होत नाही, घर टिकत नाही, म्हणून ती जमीन जवळजवळ कुणाचीच नव्हती. पुढे रेल्वे आली, १८७८ साली ती सरहद्द ओलांडून स्पेनच्या पोर्तबूपर्यंत जोडली गेली, आणि हळूहळू पेर्पिन्यांचे शहरी लोक उन्हाळ्यात अंघोळीला येऊ लागले. शेजारच्या कोलिऊरला १९०५ च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरां ही चित्रकार जोडी येऊन राहिली आणि तिथल्या उन्हाने त्यांचे रंग असे भडकले की चित्रकलेत एक नवा पंथच निघाला. पण हे सगळे मूठभर लोक. कामगार माणूस समुद्रावर जात नव्हता, कारण त्याला सुट्टीच नव्हती.

ती सुट्टी १९३६ साली मिळाली. लेआँ ब्लूमच्या सरकारने २० जून १९३६ च्या कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा सक्तीची केली, आगगाडीच्या तिकिटात खास सवलत दिली, आणि त्याच उन्हाळ्यात लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. (दोनाचे तीन आठवडे १९५६ ला झाले, चार १९६९ ला, पाच १९८२ ला. आमच्या पाववाल्याच्या चिठ्ठीचं मूळ इथे आहे.) आणि कायदा होऊन महिना व्हायच्या आत, १७-१८ जुलैला, डोंगराच्या पलीकडे स्पेनमध्ये लष्कराने निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलं. अलीकडे लोक पोहायच्या चड्ड्या विकत घेत होते, पलीकडे यादवी सुरू झाली होती.

ती पावणेतीन वर्षं चालली. तपशिलात शिरत नाही, पण शेवट महत्त्वाचा आहे. २६ जानेवारी १९३९ ला बार्सिलोना पडलं आणि कातालोनियातून माणसांचा लोंढा उत्तरेकडे निघाला. बायका, मुलं, म्हातारे, जखमी सैनिक. कुणाच्या डोक्यावर गादी, कुणाच्या हातात शिवणयंत्र, वरून विमानांचा मारा आणि डोंगरात बर्फ. फ्रान्सने २८ जानेवारीला नागरिकांसाठी सरहद्द उघडली आणि ५ फेब्रुवारीला सैनिकांसाठी, शस्त्रं खाली टाकण्याच्या अटीवर. ९ फेब्रुवारीला फ्रँकोचं सैन्य ल पेर्त्यूसच्या खिंडीत येऊन उभं राहिलं. जेमतेम दोन आठवड्यांत पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं पलीकडून अलीकडे आली. स्पॅनिश लोक याला 'रेतिरादा' म्हणतात, म्हणजे माघार.

या माणसांना ठेवायचं कुठे? बायका-मुलांपैकी अनेकांना गाड्यांत घालून देशभर पांगवलं. उरलेल्यांसाठी, मुख्यतः पुरुषांसाठी, जी जमीन कुणाचीच नव्हती ती कामाला आली: आर्जेलेसची वाळू. तिथे भरलं तर सें-सिप्रियांची, तिथेही भरलं तर ल बार्कारेसची. तीन बाजूंना काटेरी तार, चौथ्या बाजूला समुद्र. पहिल्या दिवसांत वाळूवर एकही छप्पर नव्हतं. लोकांनी हातांनी वाळूत खड्डे खणले, अंगावरची घोंगडी वर घातली आणि त्यात झोपले. फेब्रुवारी महिना, आणि या भागात 'त्रामोंतान' नावाचा वारा वाहतो. तो वायव्येकडून, डोंगरावरून खाली येतो, थंड आणि कोरडा, आणि सुरू झाला की दिवसेंदिवस थांबत नाही. उन्हाळ्यात तो वाळू उडवतो म्हणून सुट्टीवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात. फेब्रुवारीत ओल्या कपड्यांनिशी खड्ड्यात बसलेल्या माणसाला तो कसा लागला असेल?

पहाऱ्याला फ्रेंच वसाहतींतले सैनिक होते, सेनेगाली पायदळ आणि उत्तर आफ्रिकेतले घोडेस्वार. म्हणजे आपलंच राज्य गमावलेल्या माणसांना आपलं राज्य गमावलेल्या दुसऱ्या माणसांवर पहाऱ्याला बसवलेलं. साम्राज्यांची ही पद्धत आपल्याला नवीन नाही. छावणीतून गेलेल्या अनेकांच्या आठवणींत सांगितलेलं आहे की फ्रेंचमधला पहिला शब्द त्यांनी ऐकला तो 'आले! आले!' मराठी कानाला हे स्वागतासारखं वाटतं, पण त्याचा अर्थ 'चला, हला पुढे'.

या जागेला काय म्हणायचं यावरही तेव्हा चर्चा झाली. गृहमंत्री आल्बेर सारो यांनी जाहीर केलं की आर्जेलेस म्हणजे तुरुंग नव्हे, ती 'काँ द काँसांत्रासियाँ' आहे, आणि या दोन्ही एकच गोष्टी नव्हेत. कॉन्सन्ट्रेशन कँप! १९३९ च्या फेब्रुवारीत या शब्दाला पुढे चिकटलेला अर्थ अजून यायचा होता आणि सरकारी कागदांवर तो सरळ वापरला जाई. आज तेच गाव स्वतःला युरोपची 'काँपिंग'ची राजधानी म्हणवतं. पन्नासच्या आसपास कँपिंगं आहेत. शब्द तोच, वाळू तीच.

आता मला जे खरं बोलायचं आहे ते. आर्जेलेसच्या छावणीत गर्दीच्या काळात एक लाखाच्या आसपास माणसं होती असं स्मारकावर लिहिलेलं आहे. आणि आज आर्जेलेसची कायमची वस्ती दहा हजारांच्या घरात असली तरी ऑगस्टमध्ये तिथला आकडा लाखाच्या घरात जातो. म्हणजे दर वर्षी, त्याच किनाऱ्यावर, तितकीच माणसं येऊन राहतात. अंघोळ करतात, कपडे धुतात, आइस्क्रीम खातात आणि परत जातात. हे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

निर्वासितांच्या छावण्यांसाठी आज जे आंतरराष्ट्रीय किमान निकष मानले जातात त्यांत दर माणशी दर दिवशी १५ लिटर पाणी लागतं. एक लाख माणसांना झाले १५ लाख लिटर. आपल्याकडच्या दुष्काळी भागातल्या टँकरच्या भाषेत सांगायचं तर १० हजार लिटरचे दीडशे टँकर, रोज. संडास वीस माणसांमागे एक, म्हणजे पाच हजार. अगदी आणीबाणीत पन्नास माणसांमागे एक धरला तरी दोन हजार. आर्जेलेसला काय होतं? वाळूत ठोकलेले हातपंप, आणि संडास म्हणून समुद्राचा काठ.

वाळूतल्या पाण्याचं गणित असं असतं की पावसाचं गोडं पाणी झिरपून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. त्याचा थर पातळ असतो. थोडं थोडं उपसलं तर गोडं मिळतं, एकदम खूप उपसलं तर खालचं खारं वर येतं. त्यात त्याच वाळूत, काही पावलांवर, हजारो माणसांची घाण मुरते आहे. शिवाय भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईला मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं आणि किनारा दिवसातून दोनदा आपोआप धुतला जातो. इथे फरक असतो वीतभर, फार तर हातभर. सुट्टीवाल्यांना हे फार सोयीचं, टॉवेल एकदा पसरला की दिवसभर हलवावा लागत नाही. १९३९ साली याचा अर्थ एवढाच होता की काठावर टाकलेलं काठावरच राहणार. हगवण पसरली. न पसरती तरच नवल.

फ्रेंच बाजूने एक बचाव नेहमी केला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. दोन आठवड्यांत पावणेपाच लाख माणसं कुठल्याही देशाच्या एका कोपऱ्यात येऊन पडली तर तिथली व्यवस्था कोलमडणारच. आसपासच्या अनेक गावकऱ्यांनी भाकरी वाटल्या, घरात घेतलं, हेही खरं. पण पहिले पंधरा दिवस मान्य केले तरी पुढचं काय? रॉबर्ट कापा हा प्रसिद्ध छायाचित्रकार मार्चमध्ये तिथे गेला होता. त्याच्या चित्रांत तेव्हाही तीच वाळू आहे आणि तीच झोपडी म्हणायची घोंगडी. आणि लोंढा अचानक आला म्हणावं तर कातालोनियावरची चढाई २३ डिसेंबरलाच सुरू झाली होती. त्याच्याही आधी, १२ नोव्हेंबर १९३८ ला, दालादिए सरकारने हुकूम काढून 'नकोशा परकीयांना' खटल्याशिवाय स्थानबद्ध करायची तरतूद करून ठेवली होती. कायदा तीन महिने आधी तयार होता. विहीर तयार नव्हती. मला हा योगायोग वाटत नाही. बरी सोय केली तर हे लोक राहतील आणि गैरसोय केली तर परत जातील, असा हिशेब त्यामागे होता, आणि परत जाण्यासाठी त्यांच्यावर दबावही आणला जात होता. परत म्हणजे फ्रँकोच्या न्यायालयांकडे. १९३९ च्या अखेरपर्यंत निम्म्याहून जास्त माणसं परत गेलीसुद्धा.

पुढे लाकडी बराकी उभ्या राहिल्या, १९४० च्या ऑक्टोबरमध्ये या भागात महापूर आला तेव्हा त्यांतही पाणी शिरलं. स्पॅनिशांबरोबर इतर देशांचे स्वयंसेवक, जिप्सी, ज्यू हेही तिथे आणून ठेवले गेले. १९४१ मध्ये छावणी संपली.

माणसं कुठे कुठे गेली ते बघायला लागलं की डोकं चक्रावतं. काही मेक्सिकोला. सुमारे २२०० जण 'विनिपेग' नावाच्या बोटीने चिलीला, ती बोट कवी पाब्लो नेरुदाने जमवली होती आणि ३ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे फ्रान्सने जर्मनीशी युद्ध पुकारलं त्याच दिवशी, ती वाल्पारायसोला लागली. हजारोंना फ्रेंच सैन्याच्या कामगार तुकड्यांत घातलं गेलं. त्यांतले कितीतरी १९४० ला जर्मनांच्या हाती सापडले आणि माउटहाउझेनला गेले. त्या छावणीत सात हजारांवर स्पॅनिश होते, बहुतेक परत आले नाहीत. आणि २४ ऑगस्ट १९४४ च्या संध्याकाळी पॅरिस मुक्त करायला जी पहिली तुकडी नगरभवनापाशी पोचली, ती लक्लेरच्या सैन्यातली नववी कंपनी बहुसंख्येने स्पॅनिश होती. तिच्या चिलखती गाड्यांवर ग्वादालाहारा, तेरुएल, एब्रो अशी यादवीतल्या लढायांची नावं रंगवलेली होती. पाच वर्षांपूर्वी 'नकोसे परकीय' होते ते हेच.

इथे एका मराठी माणसाची आठवण काढतो, कारण ती फार थोड्यांना आहे. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सुरुवातीच्या काळातले सरकार्यवाह. ते पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून 'जॉन स्मिथ' हे नाव घेऊन प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला स्पेनमध्ये! १९३८ मध्ये फ्रँकोच्या सैन्याने त्यांना पकडलं आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या मठात कैदेत ठेवलं. १९३८ संपण्याआधी ते सुटले, म्हणून आर्जेलेसची वाळू त्यांच्या वाट्याला आली नाही. परतल्यावर ते कम्युनिस्ट झाले. संघ ते स्पेन ते कम्युनिस्ट पक्ष, या प्रवासावर कुणीतरी मोठी कादंबरी लिहायला हवी. त्याच १९३८ च्या जूनमध्ये नेहरूही बार्सिलोनाला जाऊन आले होते. सांगायचा मुद्दा, हे सगळं आपल्यापासून वाटतं तितकं लांब नव्हतं.

युद्धानंतर वाळू पुन्हा रिकामी झाली आणि विसरली गेली. फ्रेंचांच्या रजा वाढल्या, गाड्या आल्या, आणि साठच्या दशकात लोक या किनाऱ्याकडे ढुंकूनही न बघता सरळ ल पेर्त्यूसच्या खिंडीतून स्वस्त स्पेनमध्ये सुट्टीला जायला लागले. म्हणजे त्याच खिंडीतून, उलट्या दिशेने, फ्रँकोच्या राज्यात! ते गिऱ्हाईक अडवायला द गॉलच्या सरकारने १९६३ साली पिएर रासीन या अधिकाऱ्याच्या हाताखाली एक मोहीमच काढली. डासांचा बंदोबस्त, रस्ते, बंदरं, पाणी, सांडपाणी, आणि मग नव्या वसाहती. त्या वसाहतींच्या यादीत सें-सिप्रियां आहे, बार्कारेसही आहे. बार्कारेसला १९६७ साली एक अख्खी प्रवासी बोट वाळूत आणून रुतवली, जाहिरात म्हणून. आर्जेलेस त्या यादीत नव्हतं, ते आपल्या आपण तंबूंनी वाढलं. इंजिनियर म्हणून मला या मोहिमेचं कौतुक आहे, खरंच आहे. एका ओसाड किनाऱ्यावर लाखो माणसांची पाण्याची आणि मलनिस्सारणाची सोय करणं हे सोपं काम नव्हे. म्हणूनच पंचवीस वर्षांपूर्वीचा तो हातपंप जास्त खुपतो.

उत्तर किनाऱ्यावर स्मारकशिला उभी राहायला १९९९ साल उजाडलं. दफनभूमीत एक शिळा आहे, तिच्यावर दहा वर्षांच्या आतल्या सत्तर मुलांची नावं आहेत.

हे सगळं वाचल्यावर मी फोनवर आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अरे, मग अशा जागी सुट्टीला कशाला जायचं? पोरीला घेऊन?" मागून बाबांचा आवाज आला, "अगं, पानिपतावर आज शेती होतेच ना!" यावर आई म्हणाली की पानिपतावर आपण पोहायला जात नाही. दोघांचंही मला पटलं, ही अडचण.

प्रयोगशाळेत एक सहकारी आहे, पन्नाशीची, त्या गार्सिया-लोपेझ आडनावांपैकीच एक. तिचे आजोबा आर्जेलेसला तारेच्या आत होते हे मला माहीत होतं. तिला विचारलं, तुम्ही जाता का कधी? ती म्हणाली, दर वर्षी, लहानपणापासून, उत्तरेच्या कँपिंगवर, वडिलांनी ते मुद्दाम निवडलं होतं. "आणि आजोबा?" ते यायचे, पण पाण्याकडे पाठ करून खुर्ची मांडून बसायचे. डोंगराकडे तोंड करून. पलीकडे त्यांचं गाव होतं. तिला यात काही विशेष सांगतो आहोत असं वाटत नव्हतं. लगेच म्हणाली, गुरुवारच्या बाजारात जर्दाळू स्वस्त मिळतात आणि दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

शेवटी उत्तरेकडचीच जागा घेतली. तळमजला आहे, बाबांच्या गुडघ्यांना जिना नको होता. दोन खोल्या आणि ती आगगाडीची खाट, जिच्यावर मुलीने आत्तापासूनच हक्क सांगितला आहे. पावतीवर 'आर' आहे, तपासून घेतलं. तीनशे मीटर म्हणजे मोजून तीनशे चाळीस.

शनिवारी पोचायचं. रविवार समुद्रावर. त्रामोंतान असेल त्या दिवशी मुलीला हवेची गादी द्यायची नाही, कारण तो वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि गादी आत घेऊन जातो. दर वर्षी बचाववाले याच एका गोष्टीवर ओरडत असतात. वारा जास्तच असेल तर कोलिऊरला जाऊ, ते पाच-सहा किलोमीटरवर आहे. तिथल्या दफनभूमीत कवी आंतोनियो माचादोची कबर आहे. तो आईला बरोबर घेऊन याच लोंढ्यातून आला, कोलिऊरच्या एका लहानशा हॉटेलात उतरला, २२ फेब्रुवारी १९३९ ला तिथेच वारला आणि तीन दिवसांनी त्याची आईही गेली. कबरीवर टपालाची पेटी आहे आणि लोक अजूनही त्याला पत्रं टाकतात.

आणि एक दिवस एल्नला. आईला ते मी आधीच सांगितलं आहे, आणि तिने 'ते मात्र बघायचंच' असं म्हटलं आहे. एलिझाबेथ आयडेनबेंझ नावाची स्वित्झर्लंडमधली एक शाळामास्तरीण होती, वय सव्वीस. छावण्यांमध्ये बायका घोड्यांच्या तबेल्यात आणि वाळूत बाळंत होतात हे बघून तिने १९३९ च्या अखेरीला एल्नबाहेरचा एक पडका बंगला भाड्याने घेतला, दुरुस्त केला आणि तिथे बाळंतपणाचं घर सुरू केलं. आर्जेलेस, सें-सिप्रियां, नंतर रिव्हझाल्तच्या छावणीतून बायकांना शेवटच्या आठवड्यांत आणायचं, खाऊ घालायचं, बाळ-बाळंतिणीला काही दिवस ठेवून घ्यायचं. पुढे ज्यू बायकाही येऊ लागल्या, त्यांची नावं ती लपवायची. १९४४ मध्ये जर्मनांनी ते बंद पाडलं, तोवर तिथे ५९७ मुलं जन्मली. बंगला अजून आहे, आत संग्रहालय आहे. तिथे जायचं तर सकाळीच निघायला हवं, दुपारी त्या सपाटीवर सावली नाही असं ऐकतो.